खालच्या खणातली मास्तरीण

मंगळवार, ४ मार्च

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार. तुम्ही सगळी मजेत असाल. आम्ही आहोत तशी आहोत.

मी पत्र लिहायला बसले म्हणून हसू नका. फोन केला की तुमची लेक उचलते आणि ‘आई बाथरूममध्ये आहे’ म्हणून सांगते. थंडीपासून आजतागायत बाथरूममध्ये असलेलं माणूस एक तर मासा असेल, नाहीतर माझी नणंद. असो. त्या एका फोननंतर तुम्ही या घराशी बोलणं का टाकलंत, ते मी विचारणार नाही. तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. पत्रात कुणाला कुणाचा आवाज ऐकावा लागत नाही, तेवढंच बरं.

लिहायचं कारण असं की तुमच्या आईची मास्तरीण खुडूक झाली आहे, अंडी उबवायला ठाण मांडून बसली आहे. मास्तरीण आठवते ना? ती तांबडी कोंबडी, जी अंगणात पाय मोजूनमापून टाकते आणि बाकीच्या कोंबड्यांकडे असं बघते की त्यांनी पाढे चुकवलेत. सासूबाईंनीच ते नाव ठेवलं. त्या गेल्यावर मी तुमच्या भावाला म्हटलं होतं, सगळ्या कोंबड्या देऊन टाकू. मला त्यांची घाण सोसत नाही, आणि दिवसभर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून आल्यावर घरी आणखी झाडलोट कोण करणार? पण मामंजी उठून अंगणात गेले आणि विषय तिथेच राहिला.

तर ही बाई बसली कुठे, तर तुमच्या आईच्या कपाटात. खोली त्या गेल्या त्या दिवसापासून बंदच होती. मामंजी बाहेरच्या पलंगावर झोपतात, तुम्ही पाहिलंच आहे. पण खिडकीची एक काच नीट लागत नव्हती आणि कपाटाचा खालचा खण, आपण दोघींनी सासूबाईंना शेवटचे नेसवायचे कपडे काढले तेव्हा ओढला होता तसाच राहिला होता. मास्तरीण तिथे कधीपासून चोरून अंडी घालत होती कोण जाणे. गेल्या आठवड्यात मला आतून घुरघुर ऐकू आली. काचेला नाक लावून पाहिलं तर त्यांच्या राखाडी स्वेटरवर अंग फुगवून बसलेली, जणू खण तिच्या माहेरून आला होता.

मी मामंजींना सांगितलं, की कोंबडीला बाहेर काढून खुराड्यात बसवते. ते उठले, खिशातून किल्ली काढली आणि खोली उघडली. आयुष्यभर लोकांची कुलपं उघडली त्यांनी, पण ते एक उघडताना किल्ली दोनदा उलटी घातली. आत जाऊन खणापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, “हलवायची नाही. हलवली की अंडी टाकते. ती म्हणायची.” इतकं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून घरात दुसरं काम नाही. शेजारणीचा बोका, आपला तो सरकार, दोनदा खिडकीवर येऊन गेला, म्हणून खिडकीला बारीक जाळी बसवली. भिंतीखालचं घुशीचं बीळ काचा आणि पत्रा ठोकून बुजवलं. दाराला खालच्या बाजूने अशी कडी केली आहे की मला ती उघडायला दोन हात आणि एक गुडघा लागतो. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने फुली मारून ठेवली, म्हणजे दुसऱ्या कुठल्या कोंबडीने मध्येच अंडं घातलं तर ओळखता येईल. हे सगळं सासूबाई करायच्या. मामंजींना कोंबड्यांतलं ओ की ठो कळत नाही असंच मी समजत होते.

एकच अडचण होती. मास्तरीण उठेना. मी कणी ठेवली, पाणी ठेवलं, तिने माझ्या बोटाचा तुकडाच काढला. दुकानात गिऱ्हाईकं विचारत होती की भिंग लागलं का, आणि मी हो म्हणत होते. कोंबडीने चावलं हे सांगायला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी तिचा तुरा फिका पडला. खुडूक कोंबडीला रोज उठवून खायला घालावं लागतं, नाहीतर बसल्या जागी वाळून मरते, हे सासूबाईंनी मला हजारदा ऐकवलं होतं आणि मी हजारदा कानाआड केलं होतं.

आता पुढचं वाचून घाबरू नका. काल दुकानात वीज गेली म्हणून मी दुपारीच घरी आले. स्वयंपाकघरात पिशवी ठेवत होते, तोच आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला.

“ये गं माझे बाई. ऊठ. दोन दाणे टिप. तोवर मी बसते.”

मला वाटलं मनाचे खेळ. मग खणातून फरशीवर उडी मारल्याचा आवाज आला, नखांची खुडखुड, आणि ताटलीवर चोच आपटू लागली. कोंबडी उठली होती. वन्सं, मी तिथेच बटाट्याच्या टोपलीवर बसले आणि टोपली मोडली. आत जाऊन पाहायची माझी छाती झाली नाही. पाहिलं असतं आणि त्या खरंच बसलेल्या असत्या, तर मी काय बोलणार होते त्यांच्याशी?

थोड्या वेळाने मामंजी कागदात कोंबडीची घाण गुंडाळून बाहेर आले. कडी लावली, हात धुतले आणि म्हणाले, “आज लवकर?” मी म्हटलं, वीज गेली. चहा केला. त्यांनी तो तसाच ठेवला.

तुमच्या भावाला यातलं काही सांगितलेलं नाही. ते लिफ्ट दुरुस्त करायला गावोगाव फिरतात, शनिवारी येतात, तेव्हा त्यांना जेवण आणि झोप सोडून काही ऐकू येत नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही हसणार नाही. त्या आवाजाचं काय करायचं हे तुम्हालाही कळत नसेल, तरी हसणार नाही.

अंडी शेवटच्या दिवसांत कोमट पाण्यात सोडून बघतात ना? जिवंत असतील तर हलतात, असं काहीतरी त्या म्हणायच्या. पाणी किती कोमट घ्यायचं ते कळवा.

तुमची,
वहिनी


रविवार, १६ मार्च

प्रिय वन्सं,

नमस्कार. कार्ड मिळालं. चार ओळी, त्यातली एक माझ्यासाठी आणि तीन मला गप्प करण्यासाठी. ‘बाबांना डॉक्टरकडे ने. कोमट पाण्याचं मला आठवत नाही. त्या फोनचा विषय काढू नकोस. मला यायला जमणार नाही.’ बरं. नाही काढत.

डॉक्टरकडे जायला ते तयार नव्हते, म्हणून डॉक्टरच घरी आले. नाडी बघितली, डोळे बघितले, जीभ बघितली. वजन बरंच उतरलंय, बाकी आजार काही नाही, पोटभर जेवायला घाला, म्हणाले. मामंजींना विचारलं, काय होतंय तुम्हाला? तर हे म्हणतात, “मला काही नाही. तिचंच अजून थोडे दिवस बसणं बाकी आहे.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, कोंबडी. ते म्हणाले, अच्छा, आणि चप्पल घालायला लागले.

आता खरं सांगते. तो आवाज मामंजींचा आहे.

मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना मी जाळीतून पाहिलं. ते खणाजवळ बुटक्या स्टुलावर बसले होते. तेच मोठे, किल्ल्या घासून काळे पडलेले हात गुडघ्यांवर. तोंड उघडलं आणि आतून सासूबाई बोलल्या. तुम्हाला वाटेल नक्कल करत असतील. नक्कल कशी असते ते मला ठाऊक आहे, मी स्वतः सासूबाईंची नक्कल करून तुम्हाला लोळवलेलं आहे. हे तसं नव्हतं. शब्दांच्या मधे त्या जो बारीक खोकला काढायच्या, तोही होता. शेवटचं अक्षर ओढणंही तेच. मास्तरीण लगेच उठली, कारण तिला दुसऱ्या कुणाचं ऐकायची सवयच नाही. तिला उठवायचं तर हाच एक उपाय त्यांना सुचला असणार.

क्षणभर मला हायसं वाटलं, की चला, भूत नाही. मग वाटलं, भूतच असतं तर बरं. भुताला जेवायला घालावं लागत नाही.

कारण कोंबडी खाऊन परत अंड्यांवर बसली, तरी ते थांबले नाहीत. सासूबाईंच्या आवाजात म्हणाले, “अहो, पाय दुखतात का हो?” आणि स्वतःच्या आवाजात म्हणाले, “नाही.” पुन्हा त्या आवाजात, “जेवलात?” आणि हे म्हणाले, “जेवलो.”

जेवले नव्हते. मी सकाळी वाढलेलं ताट झाकून तसंच ओट्यावर होतं. वन्सं, ते तिच्याशी खोटं बोलले. माझ्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला आणि मी तिथे उभी राहून रडले. त्यांच्यासाठी रडले की आईंसाठी, ते मला सांगता येणार नाही. त्या असताना मी त्यांना कधी आई म्हटलं नाही, आता हात आपोआप तसं लिहून जातो.

मी ताट घेऊन गेले की म्हणतात, ती उठेल तेव्हा खाईन. ती उठते, खाते, अंग झटकून परत बसते. मग म्हणतात, आता ती बसली, भांड्याचा आवाज नको. असा त्यांचा दिवस जातो. पट्ट्याला त्यांनी पंचने नवीन भोक पाडलं आहे. शर्ट खांद्यावरून असा लोंबतो की तुम्ही पाहिलात तर ओळखणार नाही. मला कोंबडीची काळजी आहे असं तुम्ही समजत असाल तर समजा, पण माझा जीव त्यांच्यापायी टांगणीला लागला आहे.

तुम्हाला पत्र टाकलं त्याच आठवड्यात अंडी तपासली. कोमट पाण्याची भानगड नको म्हणून दुकानातला भिंग बघायचा दिवा घरी आणला. खिडकीवर चादर टाकून खोलीत अंधार केला. मामंजी कोंबडीच्या पोटाखालून एक एक अंडं काढून माझ्या हातात द्यायचे, मी ते दिव्यावर धरायची. आत लाल रेघा दिसतात, अगदी बारीक, आणि मध्ये काळा ठिपका असतो तो चक्क हलतो. मी आजवर इतकी भिंगं पाहिली, पण असं काही पाहिलं नव्हतं. मी ओरडले, “मामंजी, हललं!” तेव्हा ते हसले, त्यांचं स्वतःचं, घोगरं हसू. मग मास्तरीण बिथरली आणि ते लगेच दुसऱ्या आवाजात म्हणाले, “झालं गं, झालं, देते हो परत.” अंधारात, माझ्या कानाशी. मी अंडं दोन्ही हातांनी धरलं.

नऊ अंड्यांपैकी सात जिवंत आहेत. दोन अगदी स्वच्छ, आत काही नाही. मी म्हटलं, ही दोन काढून टाकते, उगाच सडतील, फुटली तर बाकीच्यांनाही घाण लागेल. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि परत तिच्या पोटाखाली सारली. म्हणाले, “तिला ठरवू दे.”

त्याच गडबडीत मी दाराची कडी नीट लावली नाही आणि सरकार आत शिरला. मला दिसलं तेव्हा तो खणापासून हातभर लांब होता. मास्तरीण अशी फुगली की खण भरून गेला, आणि मामंजी, ज्यांना मी खुर्चीवरून उठताना आधार देते, ते एका झेपेत मध्ये आले. बोक्याने त्यांच्या हातावर कोपरापर्यंत ओरखडे काढले. औषध लावताना मी स्वतःला शिव्या देत होते, तर ते म्हणाले, “अंडी गरम आहेत ना, ते बघ आधी.”

तुमच्या लेकीला गोड पापा. तिची परीक्षा कधी आहे? तुमचा तो निळा स्वेटर इकडेच राहिला आहे, पाठवू का?

की घ्यायला येता?

तुमची,
वहिनी


शुक्रवार, २८ मार्च

वन्सं,

आज नमस्कार-चमत्कार राहू दे.

पिल्लं निघाली. सातच्या सात. सोमवारी, म्हणजे गेल्याच्या गेल्या, दुपारी पहिल्या अंड्याला टवका उडाला आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत सगळी बाहेर. मामंजी तेवढा वेळ खणापाशी बसून होते. मास्तरीण पोटाखाली चिवचिव वाजवत बसलेली, आणि पिसांतून मध्येच एक डोकं बाहेर यायचं, आमच्याकडे बघून परत आत जायचं. मी दुकानात सुट्टी सांगितली. मालक म्हणाले, कुणी आजारी आहे का? मी म्हटलं, बाळंतपण आहे. खोटं काय त्यात?

मला वाटलं, आता सुटलो. पिल्लं निघाली की कोंबडी खाली उतरेल, मामंजी बाहेर येतील, आणि मी ती खोली धुऊन काढीन.

कोंबडी उतरली. मामंजींनीच खणाला फळी लावून दिली होती. ती एक एक पाय टाकत उतरली, मागून सगळी पिल्लं घरंगळली, आणि ती त्यांना घेऊन सरळ दारातून अंगणात गेली. आता तिला कुणाची हाक लागत नाही. स्वतःच कुककुक करून पिल्लांना दाणे दाखवते. घार दिसली की पंख पसरते आणि सगळी आत. रात्री मी त्यांना डालग्याखाली झाकते, वर दगड ठेवते. सातही धडधाकट आहेत. त्यांचं चांगलं चाललं आहे.

मामंजी आतच राहिले. खणात ती दोन अंडी होती. त्यांनी दोन्ही तळहात त्या अंड्यांवर झाकून ठेवले आणि अंगणाच्या दिशेने, आईंच्या आवाजात, हाका मारू लागले. “ये गं माझे बाई. दोन राहिलीत.” मास्तरीण अंगणात माती उकरत होती. तिने मान वर करूनही पाहिलं नाही. मी म्हटलं, मामंजी, ती अंडी रिकामी आहेत, मी दिव्यावर पाहिली आहेत, तुम्हीही पाहिलीत. ते म्हणाले, “हात काढला तर थंड पडतील.”

त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाण्याचे घोट घेतले. मी भात कालवून तोंडाशी नेला तर मान फिरवली. दरडावलं, विनवलं, तुमच्या भावाला फोन केला, ते म्हणाले शनिवारी येतोच आहे. शनिवार लांब होता. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, वन्सं. बसल्या जागी वाळणं म्हणजे काय ते मला समोर दिसत होतं.

मग मी ते केलं. ताट टेबलावर ठेवलं, दाराच्या बाहेर, भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि आईंच्या आवाजात म्हटलं, “अहो, या आता जेवायला. तोवर मी बसते तिथे.”

तुम्ही म्हणायचात ना, की डोळे मिटले तर आईच बोलते आहे असं वाटतं? तेव्हा आपण हसायचो. आत स्टूल सरकलं. मामंजी बाहेर आले, माझ्या समोरून गेले, टेबलापाशी बसले आणि जेवले. सगळं. ताट पुसून. मी भिंतीपाशी तशीच उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळखीचं हसले आणि विचारलं, “सून कुठे गेली गं? दिसली नाही सकाळपासून.”

कुठल्या आवाजात उत्तर द्यायचं?

मग रोज तेच. मी माझ्या आवाजात हाक मारली की ते बसून राहतात. आईंच्या आवाजात मारली की येतात, जेवतात, गोळ्या घेतात, अंघोळसुद्धा करतात. गालांवर जरा रंग आला आहे. ती दोन अंडी मी गुपचूप फेकली आणि जागी दोन गोल दगड ठेवले. त्यांना कळलं नाही, किंवा कळूनही काही बोलले नाहीत.

शनिवारी तुमचे बंधू आले. मी स्वयंपाकघरात पाठमोरी होते आणि हाक मारत होते. मागे काहीतरी धप्पकन पडलं. वळून बघते तर ते दारात, बूट घातलेले, हत्यारांची बॅग पायाशी, आणि तोंड असं झालेलं की मी सांगू शकत नाही. मी म्हटलं, “अहो, मी आहे.” तेही तोंडातून त्याच आवाजात निघालं. ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी मागे गेले तर म्हणाले, “पुन्हा असं करायचं नाही. आई आहे ती माझी.” मी म्हटलं, बरं. मग संध्याकाळपर्यंत ते स्वतः बापाशेजारी बसले, ‘बाबा, बाबा’ करून, चमचा घेऊन. एक घास गेला नाही. दिवे लागले तेव्हा ते स्वयंपाकघरात आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, “मार हाक.”

मी मारली. ते कानांवर हात ठेवून उभे राहिले.

सोमवारी ते कामावर परत गेले. आणि परवा दुकानात एका बाईंना चष्मा लावून दाखवताना मी म्हटलं, “नाकावर टोचतंय का हो?” बाईंनी आरशात बघून मान हलवली, पण माझं मलाच ऐकू आलं. मधला तो बारीक खोकलासुद्धा होता. मला खोकला झालेला नाही. आज सकाळी अंगणात पिल्लांना कणी टाकताना मी सहज ‘या गं’ म्हटलं, तर मास्तरीण थांबली, मान तिरकी केली आणि धावत येऊन माझ्या पायांशी उभी राहिली. तिने मला आयुष्यात चोचीशिवाय काही दिलेलं नाही. मला भीती वाटते, वन्सं. दिवसाउजेडी, स्वतःच्या अंगणात, मला माझी भीती वाटते.

म्हणून आता त्या फोनबद्दल लिहिते. रागवायचं तर रागवा.

आई गेल्यावर थोड्याच दिवसांनी तुम्ही फोन केलात, तो मामंजींनी उचलला. मी शेजारीच होते. तुम्ही फक्त ‘हॅलो’ म्हणालात. तुमचा आवाज म्हणजे आईंचाच. लग्नानंतर वर्षभर तर मी फोनवर तुम्हालाच सासूबाई समजून घाबरायची. मामंजी म्हणाले, “अगं, आहेस कुठे तू? दार उघडंच ठेवलंय.” आणि तुम्ही फोन ठेवून दिलात. तेव्हापासून तुम्ही फोन उचलत नाही. तुमची लेक मला म्हणाली, आई हल्ली घरात हळू बोलते, कधी कधी नुसत्या खुणा करते. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण तुम्हाला काय झालं असेल ते मला कळत होतं. आता तर फारच कळतं. आपल्या तोंडातून मेलेलं माणूस बोलतं, आणि समोरचा खुश होतो.

पण माझ्या तोंडून ते उसनं आहे. तुमचं ते जन्माचं आहे, तुम्हाला ते टाकता यायचं नाही. मामंजी तुम्हाला ऐकतील तेव्हा पुन्हा तेच म्हणतील, आहेस कुठे. त्या दिवशी तुम्ही तिथेच थांबलात आणि त्यांना पुढचा शब्द ऐकायला मिळाला नाही. आईंनी सगळा संसार ‘अहो’वर केला. त्यांना कधी बाबा म्हणाल्या नाहीत. मी म्हणत नाही, मी मामंजी म्हणते. तुमचे बंधू म्हणतात, पण पुरुषी आवाजात, तो त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्या आवाजात तो शब्द म्हणणारं जगात एकच माणूस आहे. तो ऐकला तर कदाचित त्यांना कळेल की हाक मारणारी ती नाही, तिची लेक आहे. त्यातून त्यांना आईंचं जाणंही कळेल, आणि ते फार वाईट असेल. रडतील. मला आवडेल ते रडले तर. अजून एकदाही रडलेले नाहीत.

उपयोग होईल असं मी छातीठोक सांगत नाही. डॉक्टरही सांगणार नाहीत. पण तुम्ही आला नाहीत तर मी अशीच हाका मारत राहीन, ते जेवत राहतील, आणि एक दिवस सून कुठे गेली हे विचारायचंही थांबतील.

या. पत्र मिळाल्याबरोबर निघालात तर दुसऱ्या दिवशी पोचाल. फोन करू नका, समोर या. दारात उभ्या राहा, मोठ्याने बोला, आणि पहिला शब्द ‘बाबा’ म्हणा. त्यांनी काहीही म्हटलं तरी परत म्हणा.

मी तेव्हा अंगणात असेन आणि तोंडातून अक्षर काढणार नाही.

अजून तरी तुमची वहिनीच